वाटणीत न आलेला वाघ्या

आमच्या घराची वाटणी १९७८ साली झाली. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. कागलातलं आमचं घर म्हणजे काही वाडा नव्हता. पुढं सोपा, मग मधलं घर, सैपाकघर आणि मागं परडं. त्याच्या मधोमध विटांची भिंत आली आणि एका सोप्याचे दोन अर्धे सोपे झाले. सोप्यातला एक खांब नेमका भिंतीच्या वाटेत येत होता. तो कुणाच्या वाट्याला द्यायचा यावर पंचांनी अख्खा दिवस घालवला. शेवटी गवंड्यानं तो भिंतीतच चिणून टाकला.

जमीन वाटली, बैल वाटले. पितळेची घागर एकाकडं गेली, तांब्याचं घंगाळ दुसऱ्याकडं. दूधगंगेच्या अंगाला आमचा मळा होता, त्याचे दोन तुकडे झाले. विहीर तेवढी सामायिक राहिली आणि भांडण तिच्यातनंच वर आलं. पाण्याची पाळी, मोटारीचं बिल, बांधावरची जांभळ. वर्षाच्या आत आबा आणि आप्पा, म्हणजे माझे वडील आणि थोरले चुलते, एकमेकांशी बोलायचे बंद झाले. बांधाचा दावा कोर्टात गेला. मग आईनं थोरल्या आईशी, म्हणजे चुलतीशी, बोलायचं नाही आणि मी बारक्याशी खेळायचं नाही, असं ठरलं. बारक्या माझ्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटा, आप्पांचा एकुलता एक.

आज्जीचीही वाटणी झाली. सहा महिने आमच्यात, सहा महिने आप्पांच्यात. पाळी बदलायच्या दिवशी ती आपलं गाठोडं काखेत मारायची, रस्त्यानं दहा पावलं चालायची आणि पलीकडच्या सोप्यात जाऊन बसायची. जाताना कुणी पोचवायला जायचं नाही, कारण पोचवायचं म्हणजे त्या उंबऱ्यापर्यंत जायला लागणार.

वाघ्या आला तो आज्जीमुळं. सुगी उरकली की मळ्यात धनगर बकरी बसवायला यायचे. आमच्याकडं मेंढरांनाच बकरी म्हणतात. रात्रभर वाघरीत मेंढरं बसली की लेंड्यांनी रान खतावतं आणि त्याबदली धनगराला धान्य द्यायचं, असा जुना व्यवहार. १९८० च्या हिवाळ्यात त्यांच्या तळावर कुत्री व्याली होती. आज्जी जेवण घेऊन गेली आणि एका पिल्लापाशी बसून राहिली. किंमत विचारली तर धनगर म्हणाला, "म्हातारे, कुत्रं काय इकत देत्यात व्हय? मापटंभर शेंगा दे, आन वर्सातनं एकदा त्येला दावत जा मला."

म्हणजे पिल्लू दिलं, पण लेक दिल्यासारखं. पुढं दरसाल तो धनगर आला की मेंढरांच्या आधी वाघ्याची चौकशी. आमच्या घरातनं त्याला वाघ्यासकट जेवायला बोलावणं जायचं. आज्जी म्हणायची, "कुत्र्याच्या पायी आपल्याला धनगरांत सोयरं झालं बघ."

वाघ्या तांबूस रंगाचा, लांब पायांचा. आज्जीबरोबर त्याचीही पाळी ठरलेली. ती पलीकडं निघाली की तो मागनं शेपूट वर करून निघायचा. सोप्यात दत्ताचा फोटो होता, नरसोबाच्या वाडीहून आणलेला. कुत्र्याला कुणी हुसकलं की आज्जी त्या फोटोकडं बोट दाखवायची. "देवाजवळ चार हाईत. आपल्याजवळ एक असलं तर काय बिघडलं?"

१९८२ च्या पावसाळ्यात आज्जी गेली. तेराव्याला दोन्ही घरांचा सैपाक वेगवेगळा शिजला. तिचं गाठोडं उसवून लुगडीसुद्धा वाटून घेतली. वाघ्याची वाटणी करायची मात्र कुणालाच सुचली नाही. तो कुणाचा हे कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. परड्यातली भिंत कमरेएवढीच होती. तो सकाळी तिकडं खायचा, संध्याकाळी इकडं आणि झोपायचा आमच्या गोठ्याजवळ.

मग एक गंमत सुरू झाली. तोंडानं बोलणं बंद असलेल्या दोन घरांना एकमेकांची खबर वाघ्याकडनं कळायला लागली. त्याच्या मिशीला ताक लागलेलं असलं की आई म्हणायची, "आक्कांच्यात आज घुसळण झालं वाटतं." तोंडात हाड असलं की पाव्हणे आलेत. एकदा सकाळी तो आला आणि रिकाम्या परातीत तोंड घालून उभा राहिला. आईनं भाकरी टाकली, ती त्यानं दोन घासांत संपवली. आई भिंतीकडं बघत म्हणाली, "उपाशी आलंय. तिकडं चूल पेटल्याली न्हाई." ती भिंतीजवळ जाऊन उभी राहिली. पलीकडनं कण्हल्याचा आवाज येत होता. आई बराच वेळ तिथं उभी होती, पण हाक मारायला तिचं तोंड उघडलं नाही. मग ती परत आली आणि भाकऱ्या थापायला बसली.

आता जे सांगतो ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

१९८३ ची दिवाळी नुकतीच सरली होती. मी अकरा वर्षांचा. डालड्याचा एक रिकामा डबा सापडला, त्यात चार खडे टाकले आणि सुतळीनं तो वाघ्याच्या शेपटीला बांधला. गल्लीतली पोरं असले खेळ करायची, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. वाघ्या उठला, डबा वाजला, तो दचकून पळाला आणि तो जितका पळेल तितका डबा जास्त वाजायला लागला. मी पोट धरून हसत होतो. वाघ्या भिंतीवरनं पलीकडं उडी मारून गेला आणि तिथल्या लाकडांच्या ढिगात डबा अडकला. तो केकाटायला लागला. बारक्या धावत आला. एका हातानं त्याला धरून दुसऱ्या हातानं सुतळी सोडवायला लागला. भ्यालेल्या कुत्र्याला कोण आपलं, कोण परकं? त्यानं बारक्याचं मनगट फोडलं.

सुतळी सुटली होती. मी भिंतीवरनं वाकून डबा उचलला आणि उकिरड्यात खोल खुपसला.

गल्ली गोळा झाली. "पिसाळलंय, मारा." दोघा-तिघांनी काठ्या आणल्या. थोरल्या आईनं जखमेत तिखट भरलं. तेव्हा तसंच करत, कुणी चुना भरत, कुणी तंबाखू. आप्पा मळ्यातनं आले ते हातात फावडं घेऊनच. आबा परड्यात उभे होते. आप्पा त्यांच्याकडं न बघता, पण त्यांनाच ऐकू जाईल असं ओरडले, "कुणाचं कुत्रं हाय त्येनं बांधून घ्यावं. न्हाईतर मी त्येचं दोन तुकडं करतो."

गल्लीच्या तोंडाला एक डॉक्टर होते. त्यांनी आधी तिखट धुऊन काढायला लावलं. साबण आणि वाहतं पाणी, किती तरी वेळ. बारक्या ओरडत होता. मग डॉक्टरांनी सांगितलं की कोल्हापूरला थोरल्या दवाखान्यात न्या, पोटात सुया घ्यायला लागतील, रोज एक, अशा चौदा. "आणि त्या कुत्र्याला कुणी हात लावायचा नाही. बांधून ठेवा, खायला घाला, दहा दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. पिसाळलेलं असेल तर त्याच्या आत मरेल. दहा दिवस ठणठणीत राहिलं तर पुढच्या सुया नकोत. तुम्ही आज मारलंत तर कळणार कसं?"

आप्पांनी फावडं खाली ठेवलं. ज्याचे दोन तुकडे करायचे त्याला आता दहा दिवस जगवायचं होतं.

अडचण दुसरीच होती. त्याच आठवड्यात आप्पांच्या उसाला तोड आली होती. तोडकरी रानात उतरले की मालकाला हलता येत नाही. थोरली आई कोल्हापूरला कधी एकटी गेलेली नव्हती. आईचं माहेर कोल्हापूरचं. पहाटे थोरली आई पोराला घेऊन स्टँडवर गेली तर आई तिथं आधीच डोक्यावर पदर घेऊन उभी. "मी बी येतो," एवढंच ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका येतो-जातोच म्हणतात. थोरली आई काही बोलली नाही, पण एसटीत चढल्यावर खिडकीकडं सरकली आणि शेजारची जागा मोकळी ठेवली.

दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्यानं विचारलं, "कुत्रं भटकं का पाळीव? कुणाचं?"

आई म्हणाली, "आमचं."

तिला वाटलं, दोष आपल्यावर घ्यावा. तेवढ्यात थोरली आई म्हणाली, "आमचं बी. घरचं हाय. सासूबाईंचं."

लिहिणाऱ्यानं 'घरचे' असं लिहिलं. आईनं हे मला पुढं किती तरी वेळा सांगितलं. पंच, तलाठी, वकील यांच्या कागदांवर आमच्या घराची दोन घरं झाली होती. त्या एका केसपेपरवर ती पुन्हा एक झाली, असं ती म्हणायची.

इकडं वाघ्याला परड्यात मेढीला बांधलं. जन्मात त्याच्या गळ्यात दावं पडलं नव्हतं. पहिल्या दिवशी आप्पांनी भिंतीवरनं बघितलं. दुसऱ्या दिवशी तो गोठ्याच्या आड बसला होता, भिंतीवरनं दिसेना. आप्पा घुटमळले, मग रस्त्यानं ती दहा पावलं चालून आमच्या दारात आले. आबा सोप्यात बसले होते.

"कुत्रं बघाय आलोय," आप्पा म्हणाले.

"मागं हाय," आबा म्हणाले.

पाच वर्षांतलं हे पहिलं बोलणं. आप्पा आत गेले, बघितलं, आले, निघून गेले. बसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी वाघ्यानं खाल्लं नाही. आईनं टाकलेल्या भाकरीला तो तोंड लावेना. चौथ्या दिवशी सकाळीही तेच. आबांचा चेहरा उतरला. मी गोठ्यामागं जाऊन रडलो. मला वाटत होतं, आता वाघ्या मरणार, मग बारक्या मरणार आणि दोघांनाही मी मारलं असं होणार. सांगावं तर आबांच्या माराची भीती आणि त्याहून मोठी भीती अशी की आप्पांना कळलं तर भिंत आणखी दोन हात वर जाईल. मी गप्प राहिलो.

शेवटी आईनं भिंतीजवळ जाऊन हाक मारली. गेल्या वर्षी जी तोंडातच राहिली होती ती. "आक्का, कुत्रं खाईना झालंय ओ."

थोरली आई बाहेर आली. जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सकाळचा घास आमच्यातला असतोय त्येचा. दुधात कुस्करल्याला. तुझं कोरडं कसं खाईल?" ती आत गेली आणि वाडग्यात दूध-भाकरी घेऊन आमच्या दारानं परड्यात आली. लांबनं वाडगा सरकवला. वाघ्यानं तो चाटून पुसून साफ केला.

आप्पा त्या दिवशी सोप्यात बसले. आईनं चहा ठेवला. दोघे भाऊ बशीत फुंकर घालत बसले. बोलायचं काय, असा प्रश्न होता. विहिरीवर बोलावं तर भांडण, बांधावर बोलावं तर दावा. मग आप्पांनी विचारलं, "हागलं का सकाळी?"

"हागलं की," आबा म्हणाले. "घट्ट हुतं."

"मग बरं हाय."

आज हसू येतं. पण पुढचे सहा दिवस रोज सकाळी त्या सोप्यात एवढंच बोलणं चाललं. कुत्र्यानं काय खाल्लं, किती पाणी प्यालं, आवाज बदलला का, लाळ गळते का. त्यावरनं लहानपणीचं एक कुत्रं निघालं, त्यावरनं त्यांचे वडील निघाले, त्यावरनं एका महापुराची गोष्ट निघाली. विहिरीचा विषय कुणी काढला नाही.

रविवारी आईनं मलाही कोल्हापूरला नेलं. दसरा चौकातनं आम्ही चालत दवाखान्यात गेलो. बारक्यानं सदरा वर केला. बेंबीभोवती सुयांच्या गाठी आल्या होत्या. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी मान खाली घातली. परतीच्या एसटीत दोघी जावा आमच्या पुढच्या बाकावर होत्या. थोरली आई सांगत होती की मागल्या साली ती आजारी होती तेव्हा चूल पेटवायला कुणी नव्हतं. आई म्हणाली, "म्हाईत हाय मला. वाघ्या उपाशी आल्तं." थोरली आई गप्प झाली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "म्हाईत हुतं, तरी आली न्हाईस." आई काही बोलली नाही. कागल येईपर्यंत तिनं बारक्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रं कसं आहे?" दोघी एकदमच म्हणाल्या, "झ्याक हाय." पुढच्या चार सुया वाचल्या. संध्याकाळी दोघींनी मिळून गैबीला नारळ फोडला आणि आप्पांनी स्वतःच्या हातानं वाघ्याच्या गळ्यातलं दावं सोडलं.

भिंत पडली नाही. गोष्टीत पडली असती. परड्यातल्या भिंतीच्या चार विटा तेवढ्या काढल्या, वाघ्याला जायला-यायला. पुढं ते भगदाड वाढत गेलं. त्यातनं आधी वाडगं यायला लागलं, मग पाटी, मग आम्ही पोरं. बांधाचा दावा आणखी दोन वर्षं चालला, पण तारखेला दोघे भाऊ एकाच एसटीनं जायचे आणि तिकिटं एकजणच काढायचा. कंटाळून शेवटी त्यांनी तो काढून घेतला.

पुढं मोठा झाल्यावर मला त्या सुयांची हकिगत वाचायला मिळाली. ती लस सेंपल नावाच्या डॉक्टरानं १९११ साली कसौलीत तयार केली होती आणि ती मेंढराच्या मेंदूपासून बनत असे. धनगराच्या तळावरचं कुत्रं बारक्याला चावलं आणि त्यावरचा उतारा मेंढरानं दिला, हे आज्जीला सांगितलं असतं तर ती खूश झाली असती. २००५ च्या सुमारास त्या पोटातल्या सुया आपल्या देशातनं बंद झाल्या. आता दंडात चार-पाच घेतल्या की भागतं. कुत्र्याकडं बघत बसायचं नाही, जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी पहिली सुई घ्यायची. हे आवर्जून सांगतो, कारण तिखट भरणारे हात अजून संपलेले नाहीत.

कुत्र्यानं माणसं जोडली, असं म्हणायला सोपं आहे. पण तेवढंच म्हटलं तर ते खोटं होईल. वाघ्या नुसता भिंतच ओलांडत नव्हता, गावकूसही ओलांडत होता. महारवाड्यातल्या घरात भाकरी खाऊन तो आमच्या सोप्यात येऊन लोळायचा. आज्जी त्याच्या पाठीवरनं हात फिरवायची. त्याला भाकरी घालणाऱ्या बाईला मात्र ती पाणी वरनं वाढायची. शाहू महाराज जन्मानं कागलच्या घाटग्यांचे. १९२० साली माणगावची परिषद झाली तीही कागल जहागिरीतच, आणि तिथं महाराजांनी बाबासाहेबांचा गौरव केला. १९२७ साली महाडला बाबासाहेबांना चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, कारण जनावरं पीत होती ते पाणी माणसांना बंद होतं. हे सगळं होऊन पन्नास वर्षांवर गेली तरी आमच्या सोप्यात कुत्र्याला वाट होती आणि माणसाला नव्हती. वाघ्या रोज ती वाट चालून दाखवत होता. त्याच्या मागनं चालायला आमच्यातलं कुणी उठलं नाही. दोन भावांच्या बाबतीत उठले, कारण तिथं पोराचा जीव अडकला होता.

मी १९९४ पासून पुण्यात आहे. फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर चार वर्षं शेजारच्या दाराची पाटी तेवढी ओळखीची होती. मग मुलीनं हट्टानं रस्त्यावरचं एक पिल्लू आणलं. पंधरा दिवसांत खालच्या वॉचमनचं गाव कळलं, तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचा गुडघा कळला, शेजारच्या बाईंचा मुलगा परदेशात असतो आणि फोन करत नाही हेही कळलं. नावानं मला अजून तिथं कुणी ओळखत नाही. मी 'चिकूचे बाबा'. २००० साली इंग्लंडमधल्या मॅकनिकोलस आणि कॉलिस या दोघांनी याचा अभ्यास छापला. एकच माणूस कुत्र्यासह आणि कुत्र्याशिवाय फिरवून बघितला. कुत्रं बरोबर असलं की अनोळखी लोक कितीतरी जास्त बोलत. कपडे नीटनेटके असोत की गबाळे, तरी कुत्र्याचा गुण दिसायचाच. वाचून मला नवल वाटलं नाही. 'हागलं का सकाळी' हा प्रश्न आमच्या सोसायटीच्या बागेतही रोज विचारला जातो, जरा सभ्य शब्दांत.

आप्पा गेले तेव्हा मी कागलला आठवडाभर राहिलो. रात्री बारक्या आणि मी परड्यात बसलो होतो. भिंतीचा आता चौथराच उरलाय, त्यावर बसता येतं. बारक्याच्या पायाशी त्याचं कुत्रं होतं. वाघ्या जाऊन किती तरी वर्षं झाली, पण त्या घराला कुत्र्याशिवाय राहताच आलेलं नाही. मी म्हटलं, "तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी शेपटीला डबा बांधला होता तो..."

"तू बांधल्ता," बारक्या म्हणाला. "गाठ बघून कळलं मला. तुझी गाठ कायम उलटी असायची."

"मग सांगितलं का नाहीस?"

त्यानं तंबाखू मळली, चुना झटकला. "सांगितलं आसतं तर तुला मार बसला आसता. माझ्या सुया चुकल्या आसत्या काय?"

मी त्याचं मनगट हातात घेतलं. अंधारात वण दिसला नाही, पण बोटाला लागला. कुत्रं उठलं, दोघांच्या मधे येऊन अंग झाडलं आणि माझ्या पायावर मान टाकून झोपलं. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो.